जुन्या पिकअपच्या पाठीमागें काय बसवावें?

मोटारगाडी पसंत करणारा मनुष्य बहुधा तिच्या तोंडाकडे पाहतो. दिवे कसे आहेत, जाळी कशी झळकते, नांवाचा बिल्ला शाबूत आहे कीं नाहीं, इतकें पाहून त्याचें मन भरतें. पाठीमागें जाऊन वांकून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाहींत. आणि जिचें सारें कर्तृत्वच पाठीमागच्या हौद्यांत आहे अशा मालमोटारीच्या बाबतींत ही संवय विशेष नडते. हौद्याखालीं, अगदीं शेवटीं, एक आडवी लोखंडी पट्टी असते. तिला बंपर म्हणतात. या बंपराची निवड कशी करावी, आणि त्याला दुसरी गाडी जुंपावी कीं जुंपूं नये, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

विषय वाचून कित्येक वाचकांच्या भुंवया वर जातील, हें मी जाणून आहें. परंतु आज आपल्यांतील कुटुंबांत असें घर विरळा, ज्याचा एक तरी मुलगा, पुतण्या किंवा जांवई समुद्रापलीकडे नाहीं. तेथें त्यांना जे छंद जडतात त्यांतला एक म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वींच्या गाड्या विकत घेऊन त्या हौसेनें चालत्या करणें. छंद निरुपद्रवी आहे, हाताला काम देणारा आहे, आणि संध्याकाळ घरीं घालविण्यास लावणारा आहे. म्हणून मला तो आवडतो. मात्र गाडी नुसती उभी न ठेवतां तिच्याकडून ओझें ओढवून घेण्याचा विचार मनांत आला, कीं छंदाची हद्द संपते व जबाबदारीची सुरू होते. कारण त्या ओझ्यापुढें आपलीं मुलेंबाळें बसलेलीं असतात, आणि पाठीमागून दुसऱ्यांचीं मुलेंबाळें येत असतात.

उदाहरणासाठीं मी शेव्हरोलेट कंपनीची अर्ध्या टनाची ३१०० ही पिकअप घेतों. १९४७ च्या उन्हाळ्यांत ती बाजारांत आली व १९५५ च्या आरंभापर्यंत थोड्याफार फरकानें तशीच निघत राहिली. अमेरिकेंत जुन्या पिकअपचे जे षोकी आहेत त्यांच्या अंगणांत हीच गाडी फार आढळते. पुढील व मागील आंसांमध्यें ११६ इंचांचें अंतर, सहा सिलिंडरांचें एंजिन, आरंभीं ९० अश्वशक्ति, हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा व त्या फळ्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या, असा तिचा थाट. आपणां लोकांना हें नांव परकें वाटण्याचें कारण नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ मध्यें मुंबईस शिवडी येथें कारखाना काढून शेव्हरोलेटच्या गाड्या व मालमोटारी तेथें जुळविण्यास प्रारंभ केला होता, व तो कारखाना १९५४ पर्यंत चालला. माझ्या बाळपणीं त्या मालमोटारी पार म्हाताऱ्या झाल्या होत्या, तरी घाटाच्या चढावर कण्हत कां होईना, चढत असत.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. त्या काळच्या पिकअपला मागील बंपर हवाच असें कोणी मानीत नसे. पुढला बंपर गाडीबरोबर येई. मागल्यासाठीं कित्येक कारखानदार वेगळे पैसे आकारीत, व शेतकरी ते वांचवी. त्याला कारणही होतें. गाडी धक्क्याला मागें भिडवून माल चढवायचा, तर मध्यें पुढें आलेली पट्टी अडचणच करते. अमेरिकेंतील बंपराविषयींचें संघसरकारचें मानक १९७३ सालच्या गाड्यांपासून अमलांत आलें, तेंही केवळ प्रवासी मोटारींना लागू आहे. पिकअपला तें आजही लागू नाहीं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें व जुन्या वहिवाटीच्या दृष्टीनें पाहिलें तर पिकअपचा मागील बंपर हा दागिना आहे. फार तर, हळूच कोणी ढकललें असतां फाळका व मडगार्डें चेपूं नयेत एवढ्यापुरता तो पहारेकरी आहे. वजन ओढणें हें त्याचें काम कधींच नव्हतें.

ही एक गोष्ट नीट ध्यानांत आली कीं पुढील सारा गोंधळ टळतो. मूळचा बंपर ज्या पायांवर बसतो ते पाय मऊ लोखंडाच्या पट्ट्यांचे असतात, आणि ते मुद्दाम तसे असतात. धक्का बसला कीं ते वांकावेत, आणि त्यांच्या मागची मुख्य चौकट सरळ राहावी, ही त्यांतील योजना. जी वस्तु वांकण्यासाठीं केली आहे तिलाच ओझें बांधणें म्हणजे छत्रीच्या काडीला पाळणा टांगण्यासारखें आहे. आणि तरीही अमेरिकेंत पिढ्यान् पिढ्या हेंच होत आलें. १९४५ मध्यें लिओनार्ड शोएन यांनीं यू-हॉल नांवाचा भाड्यानें ट्रेलर देण्याचा धंदा काढला, आणि युद्धानंतर गांव बदलणारीं कुटुंबें आपला संसार ट्रेलरांत भरून निघूं लागलीं. त्या वेळीं ट्रेलरबरोबर बंपराला शिकंज्याप्रमाणें आवळून बसवायचे हूक मिळत. त्या काळच्या मोटारींचे बंपर जाड पोलादाचे होते, रस्त्यांवरील वेग कमी होता, ओझें बेताचें होतें. म्हणून तें बरेंचसें निभावलें. निभावलें म्हणून तें योग्य होतें असें मात्र होत नाहीं.

पुढें पायरीचा बंपर आला. हौद्यांत चढतांना पाय ठेवण्यास रुंद, खवल्याखवल्यांच्या पत्र्याचा, मधोमध एक भोंक, त्यांत लोखंडी गोळा बसवायचा आणि गोळ्यावर ट्रेलरची टोपी. १९६० नंतरच्या पिकअपवर हा फार दिसतो. शिवाय गांवोगांवच्या लोहारांनीं व वेल्डिंगवाल्यांनीं हाताशीं असलेल्या लोखंडांतून केलेले बंपर निराळेच. ते दिसण्यांत इतके दणकट असतात कीं पाहणाऱ्याची पूर्ण खात्री पटते. दणकट तो बंपर असतो. तो ज्याला लटकला आहे तें दणकट आहे कीं काय, हें खालीं निजून पाहिल्याशिवाय कळत नाहीं.

माझा एक पुतण्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या डोंगराळ पश्चिम भागांत राहतो. त्यानें घेतलेली पिकअप १९५१ सालची. तिला अशाच कोणा अज्ञात कारागिरानें पन्हळी लोखंडाचा एक भला थोरला बंपर जोडलेला होता, व त्यावर गंजलेला एक गोळा होता. मी त्याच्या घरीं असतांना हिंवाळ्याच्या लाकडांची तजवीज चालली होती. शेजारच्या खोऱ्यांतून ट्रेलर भरून लाकडें आणावींत असा त्याचा बेत. "काका, गोळा तयारच आहे. ट्रेलर अडकवायचा आणि निघायचें," असें तो म्हणाला. त्यावर आमच्या सूनबाई, ज्यांना मोटारींतलें कांहीं कळत नाहीं असा त्यांचा स्वतःचाच दावा आहे, शांतपणें म्हणाल्या, "ओढील हो ती. पण उतारावर थांबेल का?"

या प्रश्नाचें उत्तर कोणाजवळच नव्हतें. म्हणून लाकडांचा बेत एक आठवडा पुढें ढकलून बंपर उतरविण्याचें ठरलें. तो उतरतांच असें दिसलें कीं एवढें जड धूड प्रत्येक बाजूस अवघ्या दोन बोल्टांवर लटकत होतें, आणि उजव्या बाजूच्या तुळईला त्या दोहोंपैकीं एका भोंकापासून खालच्या कांठापर्यंत केसासारखी तडा गेली होती. वरून काळा रंग इतका जाड होता कीं तारेच्या ब्रशानें खरवडल्याखेरीज ती दिसली नसती. पुतण्या बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. त्या आठवड्यांत त्याच्या दोन्ही मुली त्याच गाडीत त्याच्या शेजारीं बसून लाकडें आणायला जाणार होत्या.

ही तडा कशी गेली असावी, हें समजण्यास मोटारशास्त्र नको. आपली बैलगाडी पुरे. संस्कृतांत धुर् म्हणजे ज्यावर ओझें ओढण्याचा भार येतो तो जोखडाचा भाग. त्यावरून धुरंधर, धौरेय हे शब्द आले, व आपण ते सभाध्यक्षांना लावूं लागलों. बैलाचें नांव जो अनड्वान् शब्द, त्याचाही मूळ अर्थ गाडी वाहणारा असाच. गाडी भरणारा कुणबी भार कोठें ठेवावा याविषयीं फार जागरूक असतो. माल मागें जास्त झाला तर गाडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते, जोखड बैलांच्या मानेवरून सुटूं पाहतें. माल पुढें जास्त झाला तर गाडी धुरेवर जड होते, आणि बैलांच्या माना मोडतात. दोहोंच्या मधलें जें प्रमाण, तें त्याला हातानें दांडी उचलतांच कळतें.

ट्रेलरची गोष्ट तंतोतंत हीच आहे. फरक इतकाच कीं अमेरिकन लोकांनीं तें प्रमाण अंकांत बांधलें आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकंदर वजनाचा शेंकडा १० ते १५ इतका भार त्याच्या जिभेवर, म्हणजे गोळ्यावर, पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर ट्रेलर उलाळ होतो व वेग वाढतांच शेंपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावूं लागतो. एकदां हेलकावे सुरू झाले कीं ते आपोआप वाढत जातात, आणि शेवटीं ओढणारी गाडीच रस्त्याबाहेर फेकली जाते. जास्त पडला तर पिकअपचें ढुंगण खालीं बसतें आणि तोंड वर होतें. पुढील चाकें हलकीं होतात, व सुकाणू हातांत असून नसल्यासारखें होतें.

हा हिशेब शाळेंतील तरफेचाच आहे. समजा, गोळ्यावर २५० पौंड भार आहे आणि गोळा मागील आंसाच्या ४८ इंच मागें आहे. दोन्ही आंसांतील अंतर ११६ इंच. तेव्हां २५० ला ४८ नें गुणून ११६ नें भागावें. सुमारें १०३ पौंड येतात. इतकें वजन पुढील चाकांवरून उचललें जातें, आणि मागील चाकांवर २५० नव्हे, तर ३५३ पौंड चढतें. आतां तोच गोळा लांब दांड्यावर बसवून आणखी एक फूट मागें नेला, तर पुढून १२९ पौंड उचलले जातील व मागें ३७९ चढतील. ओझें तेंच, केवळ एका फुटाचा फरक. म्हणून गोळा शक्य तितका आंसाजवळ ठेवावा, आणि बंपराच्याही मागें लांबवर बसवायचा असेल तर दहा वेळां विचार करावा. ट्रेलर खड्ड्यांतून जातांना हाच भार क्षणोक्षणीं वरखालीं आपटत असतो. दोन बोल्टांवर लटकलेला बंपर प्रत्येक आपटण्याबरोबर चौकटीच्या टोंकाला पिळतो. वर्षानुवर्षें तार मागेंपुढें वांकविल्यावर ती जशी तुटते, तशीच ती तडा गेली असली पाहिजे.

जिभेवरील भार मोजण्यास खर्चिक साधन लागत नाहीं. घरांत उभें राहून वजन करण्याचा जो कांटा असतो तो पुरतो. एक मजबूत फळी घ्यावी. तिचें एक टोंक विटेवर व दुसरें कांट्यावर ठेवावें. ट्रेलरची जीभ विटेपासून एक फुटावर व कांट्यापासून दोन फुटांवर येईल अशी फळीवर टेकवावी. कांटा जें दाखवील (नुसत्या फळीचें वजन आधीं वजा करावें) त्याची तिप्पट म्हणजे खरा भार. माझ्या पुतण्याच्या धाकट्या मुलीनें ही तिप्पट तोंडीं केली, व पुढें दोन दिवस ती घरांतील प्रत्येक वस्तूचें वजन याच रीतीनें करीत होती.

सूनबाईंचा प्रश्न अजून तसाच आहे. तो या साऱ्या विषयाचा गाभा असल्यामुळें त्याला थोडी अधिक जागा देतों. ही पिकअप रिकामी असतांना तीन हजार पौंडांहून थोडीच अधिक भरते. तिचा गिअर असा आहे कीं एंजिनाचे चारांहून अधिक फेरे होतात तेव्हां मागील चाकाचा एक होतो. त्यामुळें ती सावकाश कां होईना, पुष्कळ ओढते. ओढण्याच्या या सामर्थ्यानेंच मालक फसतो. थांबविण्याचें सामर्थ्य मात्र वेगळ्या हिशेबाचें आहे. ब्रेकचा जोर तितकाच राहिला व वजन दीडपट झालें, तर थांबण्यास अंतरही दीडपट लागतें. आणि लांब उतारावर तेच ब्रेक तापून सैल पडले तर तें किती लागेल तें सांगतां येत नाहीं. त्यांतून या गाड्यांत ब्रेकचें तेल चारी चाकांना एकाच नळीतून जातें. एका ठिकाणीं नळी फुटली कीं चारी चाकांचे ब्रेक एकदम जातात. दोन स्वतंत्र मार्गांची व्यवस्था अमेरिकन मोटारींत १९६७ सालच्या सुमारास सार्वत्रिक झाली. म्हणून जुन्या पिकअपला हिच बसविण्याच्या आधीं दोन मार्गांचा ब्रेक-सिलिंडर बसवावा असें माझें मत आहे. तो बाजारांत मिळतो, पायाखालीं लपून राहतो, आणि गाडीचें रूप यत्किंचितही बदलत नाहीं. ज्यांना मूळपणाचा फार अभिमान आहे त्यांनीं बंपर मूळचा ठेवावा. ब्रेकच्या बाबतींत मूळपणा हा हट्ट आहे.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत कीं नाहीं? पेन्सिल्व्हेनियासह कित्येक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला ते सक्तीचे आहेत. परंतु कायदा नवीन गाडी व जुनी गाडी असा भेद येथें करीत नाहीं. तो भेद आपण करावयाचा. येथें आणखी एक अडचण आहे. आजकालच्या ट्रेलरांचे विजेचे ब्रेक बारा व्होल्टांवर चालतात, आणि १९५४ पर्यंतच्या या पिकअपांची वीज सहा व्होल्टांची. सहा व्होल्टांवर ते ब्रेक नीट धरत नाहींत. तेव्हां एक तर सारी गाडी बारा व्होल्टांची करून घ्यावी, नाहीं तर ज्या ट्रेलरच्या जिभेंतच तेलाचा सिलिंडर असतो व पुढची गाडी मंदावतांच मागून येणाऱ्या दाबानें जो आपले ब्रेक आपण लावतो, असा ट्रेलर निवडावा. त्याला विजेची गरज नसते. दिव्यांचीही तीच कथा. या वयाच्या कित्येक पिकअपांना मागें डावीकडे एकच दिवा असतो व वळण्याच्या खुणेचा दिवा मुळींच नसतो. ट्रेलर जोडल्यावर तो एक दिवाही झांकून जातो. ट्रेलरवर दोन्ही बाजूंस दिवे चालले पाहिजेत, ही गोष्ट बंपराच्या झिलईपेक्षां शतपट महत्त्वाची आहे.

एवढें झाल्यावर निवड कठीण राहत नाहीं. ज्याला कांहींच ओढावयाचें नाहीं त्यानें मूळ नमुन्याचा वळणदार बंपर बसवून स्वस्थ बसावें. या नमुन्याचे नवे बंपर आजही तयार होतात. क्रोमचा मुलामा हवा कीं रंग हवा, ही केवळ आवडीची बाब. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धाच्या काळांत निकेल व क्रोमची टंचाई पडल्यामुळें अमेरिकन गाड्यांवरची झळाळी बरीच उतरली होती. त्यामुळें त्या सालांच्या पिकअपला साधा रंगविलेला बंपर शोभून दिसतो, आणि मला तर तोच अधिक घरंदाज वाटतो. मात्र विकत घेण्यापूर्वीं फाळका पूर्ण खालीं सोडून पाहावा. तो बंपरावर आपटतां कामा नये. तसेंच या गाडीची स्टेपनी हौद्याखालीं मागच्या अंगाला टांगलेली असते. बंपर किंवा त्याचे पाय काढल्याविना ती बाहेर येईल अशी जागा राहिली पाहिजे. रस्त्यावर चाक बसलें असतां पान्हे घेऊन बंपर सोडीत बसणें ही मोठी शिक्षा आहे.

ज्याला ओढावयाचें आहे त्यानें बंपर व हिच यांची फारकत करावी. बंपर शोभेला, ओढण्याचें काम चौकटीला. चौकटीच्या दोन्ही तुळयांना खालून घट्ट बसणारी एक आडवी जोडणी करून घ्यावी, व तिच्या मधोमध दोन इंचांचा चौकोनी पोकळ रिसीव्हर ठेवावा. त्यांत गोळ्याचा दांडा घालून खीळ लावतात, आणि काम संपलें कीं दांडा काढून घेतात. ही जोडणी बंपराच्या खालीं व आड राहते. दांडा काढल्यावर ती चटकन् दिसतही नाहीं. गोळा कायमचा बाहेर ठेवण्याची जी टूम आहे ती निरर्थक तर आहेच, शिवाय जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या नडग्या फोडणारी आहे. आपल्याकडेही पुष्कळ शहरी गाड्यांच्या मागें असा गोळा मिरवतांना दिसतो. त्याला जन्मांत कधीं ट्रेलर लागत नाहीं, पण मागून कोणी धडकला तर धक्का बंपरावर न थांबतां त्या गोळ्यावाटे थेट चौकटींत जातो, हें त्या गाड्यांच्या मालकांना कोणी सांगत नाहीं.

जोडणी बसविणाऱ्या कारागिराशीं बोलतांना कांहीं गोष्टी स्पष्ट कराव्यात. तुळई पन्हळीच्या आकाराची असते. तिला भोंक पाडणें भागच पडलें तर तें उभ्या भिंतींत पाडावें, वरच्या किंवा खालच्या कांठाला कधींही पाडूं नये, कारण वांकण्याचा सर्वांत अधिक ताण कांठांवर येतो. आधींचीं भोंकें वापरतां आलीं तर उत्तम. तुळईवर ऐन ठिकाणीं वेल्डिंग करूं देऊं नये. त्या उष्णतेनें जवळचें पोलाद ठिसूळ होण्याची भीति असते. जोडणीच्या पट्ट्या चौकटीच्या टोंकालाच न थांबतां पुढें लांबवर गेलेल्या असाव्यात, म्हणजे पीळ एका जागीं सांचत नाहीं. बोल्ट उच्च प्रतीचे, आणि दुहेरी भिंतींतून जाणार असतील तेथें आंत नळीचा तुकडा घालून आवळलेले. नाहीं तर आवळतांना पन्हळ चेपते. आणि या सर्वांच्या आधीं, गंज खरवडून, चौकटीचें शेवटचें दोन-तीन फूट लांबीचें अंग हातोडीनें ठोकून पाहावें. चांगलें पोलाद खणखणतें. कुजलेलें बद्द वाजतें. मडकें घेणाऱ्या आपल्या बायका जें करतात तेंच.

हिच विकत घेतांना तिच्यावर वर्ग लिहिलेला असतो. पहिल्या वर्गाची २,००० पौंडांच्या ट्रेलरपर्यंत, दुसऱ्या वर्गाची ३,५०० पर्यंत, असें तें चढत जातें. परंतु तिसऱ्या वर्गाची हिच बसविली म्हणून १९५१ ची पिकअप तिसऱ्या वर्गाची होत नाहीं. गाडी, चौकट, हिच, गोळा, टोपी, या सर्वांत जें अंग सर्वांत दुबळें, त्याची जी मर्यादा, तीच साऱ्या जोडीची मर्यादा. लष्करी गाड्यांचा जबड्यासारखा मोठा हूक व त्यांत अडकणारी कडी यांचाही कांहीं षोकी आग्रह धरतात. तो मजबूत खरा, पण त्यांत ढिलेपणा असतो, दर ब्रेकला खडखडतो, आणि हलक्या पिकअपला तो वासरावर बैलाचें जोखड ठेवल्यासारखा दिसतो.

गोळ्याच्या आकाराविषयीं मात्र कोणतीही तडजोड चालत नाहीं. एक पूर्णांक सात अष्टमांश इंच, दोन इंच, आणि दोन पूर्णांक पांच षोडशांश इंच, असे तीन गोळे तेथें सर्रास चालतात. पहिला आणि दुसरा यांत फरक केवळ एक अष्टमांश इंचाचा. डोळ्यांना तो कळत नाहीं. दोन इंचांच्या टोपीत लहान गोळा बसतो, खटका लागतो, सर्व कांहीं ठीक दिसतें, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यांत टोपी उडून सुटते. म्हणून गोळ्याच्या डोक्यावर कोरलेला आंकडा व टोपीवरचा आंकडा एक आहेत हें वाचून पाहावें. अंदाज करूं नये. आणि दोन साखळ्या, जिभेखालून एकमेकींना छेदून, चौकटीच्या जोडणीला लावाव्यात, बंपराला नव्हे. टोपी सुटलीच तर जीभ त्या साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यांत रुतत नाहीं.

माझ्या पुतण्यानें पुढें काय केलें तें सांगतों. तडा गेलेल्या तुळईचें काम त्यानें चौकटी दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडे सोंपविलें. त्याला सहा आठवडे लागले. त्या हिंवाळ्याचीं लाकडें शेजाऱ्याच्या नव्या गाडींतून आलीं. लोहारी बंपर भंगारांत गेला. त्या जागीं मूळ नमुन्याचा, साधा काळा रंग दिलेला बंपर आला. त्यामागें चौकटीला जोडलेला रिसीव्हर. दोन मार्गांचे ब्रेक. आणि ट्रेलरच्या दिव्यांची नवी तार. गाडी ब्रेक नसलेला लहान ट्रेलरच ओढील, व तोही मर्यादेंतच, असें त्या कारागिराच्या सल्ल्यानें ठरलें. सूनबाईंनीं ती मर्यादा फाळक्याच्या आंतल्या अंगाला, माल भरणाऱ्याला दिसेल अशी, पांढऱ्या रंगानें स्वतः लिहिली: ट्रेलर भारासह १,५०० पौंड, गोळ्यावर १५० ते २२५.